चाक सरळ ठेवायचं

समजा, तुम्ही एका लाँचच्या सुकाणूच्या चाकापाशी बसला आहात. मागे बाकांवर अडतीस माणसं आहेत, दोन सायकली आहेत आणि टोपलीत पाय बांधलेली एक कोंबडी आहे. लाँचचा वेग म्हणाल तर काठावरून रमतगमत पळणारा माणूस तुमच्या बरोबरीने राहील एवढा. उजव्या हाताला, खाडीच्या आतल्या बाजूने, एक पांढरा ठिपका येतोय. पाण्यावरून येतोय म्हणावं तर त्याच्या पोटाखालून पलीकडचा काठ दिसतोय. हवेतून म्हणावं तर तो दोन पुरुष उंचीच्या वर नाही. वेग ताशी दीडशे किलोमीटर. आत्ता तो एक किलोमीटरवर आहे. तुम्ही चोवीस मोजाल तेव्हा तो इथे असेल.

तुमच्या हातांना एकच गोष्ट ठाऊक आहे: बाजूला व्हा. आणि नियम सांगतो की काहीही करू नका. चाक सरळ धरा आणि मोजा.

खरंच मोजून बघा. बसल्या जागी, दोन्ही हात हवेत धरून. चोवीस हा आकडा किती लांब असतो ते कळेल.

वहिनी हे रोज चार वेळा करत होती.

ती साऱ्या धक्क्याची वहिनी कशी झाली, याचं कारण तिचा धाकटा दीर. तो लाँचवर दोरी टाकतो, तिकिटं फाडतो आणि दर फेरीला घसा फोडून ओरडतो, "वहिनी, सोडली!" हे ऐकून ऐकून दोन्ही काठांवरची माणसं तिला वहिनीच म्हणायला लागली. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा.

ती मुळात पाण्याची नव्हे. माहेरी विहिरीपलीकडे पाणी नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांची लाँच होती, आणि दोन मुलगे होते. थोरला, म्हणजे तिचा नवरा, इंजिनाच्या कामात असा तरबेज की आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगेल. पण त्याला बोट लागते. लाँच धक्क्याला बांधलेली असेल तरच तो आत उतरतो, आणि दोरी सुटायच्या आत बाहेर. धाकट्याला पाण्याचं काही वाटत नाही, पण परवान्याच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा घरात समजलं. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. राहिली कोण?

"आता तूच," सासरे म्हणाले. "तुला गणित येतं ना? मग झालं."

गणित येत होतं, पोहता येत नव्हतं. ते ती तिशीत शिकली, टायरची ट्यूब कमरेला अडकवून, सगळा धक्का हसत असताना.

सासऱ्यांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली गजाची. केबिनच्या खिडकीला उभे लोखंडी गज आहेत. डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवायचं, लाँच सरळ ठेवायची आणि समोरची बोट कुठल्या गजाआड दिसते ते बघायचं. ती गज सोडून पुढे किंवा मागे सरकली, तर तुम्ही सुटलात. ती त्याच गजाला चिकटून नुसती मोठी मोठी होत गेली, तर धडक ठरलेली. यात जादू नाही. दोघं एकाच ठिकाणी एकाच वेळी पोहोचणार असतील, तर एकमेकांच्या दिशा बदलतच नाहीत. कागदावर दोन रेघा काढून पाहिलं तर शाळकरी पोरालाही पटेल. वहिनीने काढून पाहिल्या होत्या.

दुसरी गोष्ट रीतीची. त्या खाडीत तिला 'पाठ देणं' म्हणत. मोठी बोट येताना दिसली की लहान बोटीने तोंड वळवायचं आणि आपली पिछाडी तिच्याकडे करून हळू व्हायचं. म्हणजे मोठ्याला कळतं, की याने आपल्याला पाहिलंय आणि हा वाटेत येणार नाही. मग मोठी बोट एक आखूड भोंगा देते. त्याचा अर्थ, आभारी आहे. अठ्ठावीस वर्षांत वहिनीने किती वेळा पाठ दिली असेल याची मोजदाद नाही. जिना उतरताना कोणी पाऊल मोजत नाही, तसंच ते.

मग ती आली.

खाडीत चाचणीसाठी येणाऱ्या या उडत्या बोटीचं नाव बंदर कार्यालयाच्या पत्रकात एवढं लांबलचक होतं की ते वाचताना धाप लागावी. धाकट्या दिराने, म्हणजे भावोजींनी, पहिल्या दिवशी तिला पाहिलं आणि म्हणाले, "ना धड पाण्यात, ना धड हवेत. ही आपली अधांतरी." तेच नाव चिकटलं.

अधांतरी उडते कशी, हे घरात वहिनीच्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर दाखवलं. त्याने एक जाड पुठ्ठा घेतला आणि गुळगुळीत टेबलावर आडवा ढकलला. पुठ्ठा टेकता टेकता हातभर तरंगत गेला. "बघितलंस? खाली हवा कोंडते. त्या हवेच्या गादीवर ती सरकते. पाणी कापावं लागत नाही, म्हणून वेग. फार उंच उडावं लागत नाही, म्हणून तेल कमी."

"आणि मध्ये पाण्याचा तांब्या असला तर?" असं म्हणून वहिनीने तांब्या टेबलावर ठेवला.

नवऱ्याने पुठ्ठा पुन्हा ढकलला. तांब्या लवंडला.

"हं," तो म्हणाला, आणि फडकं आणायला गेला.

चाचणी सुरू व्हायच्या आधी बंदर कार्यालयात बैठक झाली. दहा लाँचचे दहा चालक खुर्च्यांवर. समोर बंदर अधिकारी बाई आणि अधांतरीचा कप्तान. तो पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला सरळ.

"छतावर लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे मी उडतोय," तो म्हणाला. "तेव्हा सगळ्यांपासून लांब राहायची जबाबदारी माझी. तुम्ही तुमच्या वाटेने, तुमच्या वेगाने जायचं. दिवा बंद म्हणजे मी पाण्यावर बसलोय. तेव्हा मी साधी मोटरबोट. नेहमीचे नियम."

"लाल का हिरवा ते वहिनी सांगेल, लुकलुकतंय एवढं मी सांगतो," भावोजी मागून म्हणाले. त्यांना बैठकीला बोलावलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही उडत असताना आम्ही काय करायचं?" एकाने विचारलं.

"काहीच नाही."

"हे आमच्या बायकोला लिहून द्या. ती म्हणते मी तेच करतो."

खोलीत हशा झाला. वहिनी हसली नाही. तिने विचारलं, "कप्तान, कुठल्या बाजूने जायचं ते तुम्ही कधी ठरवता?"

"साधारण एक किलोमीटरवर. अर्धा किलोमीटर राहिला की मग बदलणं कठीण."

"का? चाक फिरवायचं."

"ताई, वळायचं तर मला कलावं लागतं. कललं की एका पंखाचं टोक खाली जातं. विमानाच्या खाली हवा असते, माझ्या खाली पाणी. म्हणून मी थोडाच कलू शकतो, आणि थोडं कलून वळायला जागा फार लागते."

"मग वरून जा की," कोणीतरी म्हणालं.

"वर गेलो की खालची गादी सुटते. भरलेलं यान मग फार वेळ टिकत नाही."

वहिनीच्या डोक्यात कागदावरच्या दोन रेघा उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही आमच्या मागून जायचं ठरवलंत, आणि आम्ही नेमकी पाठ दिली, तर आम्ही तुमच्या वाटेत."

"बरोबर," कप्तान म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "एवढंच मला सांगायचं होतं."

"आणि आम्ही तुम्हाला दिसलोच नाही तर?"

"दिसता. रडार आहे. डोळेही आहेत."

शेवटी अधिकारी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चाचणी सहा महिने. या काळात लहान बोटींच्या चुकीने काही झालं, तर मधली वाट लाँचना बंद करावी लागेल. पलीकडे जाणाऱ्यांनी पुलावरून जावं. पूल खाडीच्या आत चौदा किलोमीटरवर होता. पलीकडच्या काठावर शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. होती ती फक्त माणसं, आणि ती लाँचने येत.

त्या दिवसापासून वहिनीने सराव सुरू केला. घरी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायची, नवऱ्याने मागून अचानक टाळी वाजवायची, आणि तिने हलायचं नाही. पहिल्या दिवशी खुर्ची पाच वेळा डावीकडे वळली.

"हातांना अठ्ठावीस वर्षांची सवय आहे गं," नवरा म्हणाला.

"अहो, सवय हातांना आहे. डोकं माझं आहे. वाजवा."

लाँचवर तिने चाकाच्या वरच्या आऱ्याला पिवळी चिंधी बांधली. चिंधी वर असली की चाक सरळ. अधांतरी खाडीतल्या पिवळ्या बोयाशी, म्हणजे तरंगत्या खुणेशी, आली की अंतर एक किलोमीटर. तिथून मोजायला सुरुवात. दहा-बाराच्या सुमारास ती गज सोडून हळूच मागे सरकायची, आणि चोविसाला लाँचच्या मागून, दीडशे-दोनशे मीटरवरून, मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज करत निघून जायची. भावोजी प्रत्येक वेळी म्हणायचे, "आणि भोंगा नाही. संस्कारच नाहीत."

वहिनी बाकीच्या नऊ जणांकडेही गेली. चिंधी बांधा म्हणाली, मोजा म्हणाली. ते म्हणाले, आम्ही सरळच ठेवतो. तिने विश्वास ठेवला.

चाचणीच्या चौथ्या महिन्यात, संध्याकाळच्या फेरीला, ऊन अगदी कललेलं होतं. अधांतरी खाडीतून समुद्राकडे निघाली होती. म्हणजे सूर्य कप्तानाच्या तोंडावर आणि वहिनीच्या डाव्या खांद्यावर. तिला ती लख्ख दिसत होती. पिवळ्या बोयाशी आली, तेव्हा ती तिसऱ्या गजाआड होती. वहिनीने डोकं टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली.

दहा. तिसरा गज.

बारा. तिसरा गज. पांढरं नाकाड गजाच्या दोन्ही बाजूंनी सारखंच डोकावत होतं, आणि मोठं होत होतं.

"वहिनी," भावोजी बाहेरून म्हणाले. नेहमीच्या आवाजात नव्हे.

तेरा. चिंधी वर होती.

चौदाला चिंधी डावीकडे गेली. तिने चाक फिरवलं असं ती पुढे म्हणाली, पण त्या क्षणी तिला ते दिसलं एवढंच. फिरवताना कळलं नाही. लाँचने तोंड वळवलं, इंजिन मंदावलं, पिछाडी अधांतरीकडे झाली. अगदी सासऱ्यांनी शिकवली तशी, देखणी पाठ.

मग उजव्या बाजूने, तीस मीटरवरून, ती गेली. तिचा उजवा पंख इतका खाली होता की टोकाने पाण्यावर पांढरी रेघ ओढली. वाऱ्याच्या धक्क्याने तिकिटांचं पुडकं हवेत उडालं, एक सायकल पडली, कोंबडी टोपलीतून बाहेर आली. लाँच दोनदा जोरात डोलली आणि स्थिर झाली. कोणाला खरचटलंही नाही.

पहिल्या बाकावरच्या आजीबाई म्हणाल्या, "एवढी पाठ दिली, आणि मेल्याने भोंगा नाही वाजवला!"

लोक हसले. घाबरलेली माणसं हसतात तसे.

पलीकडच्या धक्क्याला दोरी बांधून भावोजी केबिनच्या दारात आले. "वहिनी, मी एक सांगतो. माणसांना वाटलं, लाट आली. ती तर थांबलीसुद्धा नाही. तू काही लिहू नकोस."

बंदर कार्यालयाने प्रत्येक लाँचला एक वही दिली होती. थोडक्यात टळलेल्या गोष्टींची. चार महिन्यांत दहाही वह्या कोऱ्या होत्या.

"लिहिलं तर वाट बंद होईल," वहिनी म्हणाली.

"तेच तर म्हणतोय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काय! उद्या सकाळची फेरी."

"भावोजी, मी खुर्ची धरून सराव केला. चिंधी बांधली. चार महिने मोजलं. तरी माझे हात फिरले. बाकीच्या नऊ जणांनी तर चिंधीसुद्धा नाही बांधली."

भावोजींनी पायाशी पडलेलं एक तिकीट उचललं. मग म्हणाले, "कोंबडी इंजिनाखाली गेलीये. ती काढतो."

वहिनीने परतीच्या फेरीआधी वहीत लिहिलं. पाच ओळी. वेळ, जागा, पिवळ्या बोयापासूनची मोजणी. 'चौदाला मी चाक डावीकडे फिरवलं. फिरवायला नको होतं.' आणि खाली: 'तोपर्यंत ती तिसऱ्या गजावरून हललेली मला दिसली नाही.'

तीन दिवसांनी तिला बोलावणं आलं. खोली तीच, खुर्च्या कमी. कप्तान आधीच येऊन बसला होता. त्याच्यासमोर यानाच्या नोंदींचा छापील कागद होता. त्यात सेकंदासेकंदाचा कल लिहिलेला.

"मी ताईंच्या मागून जायला डावीकडे कललो होतो," कप्तान म्हणाला. "हे बघा, इथे. तेवढ्यात लाँच वळली. मला उलट कलावं लागलं. पंख पाण्याला लागला."

अधिकारी बाईंनी कागद वहिनीकडे सरकवला. डावीकडचा कल होता. मोजणीत तो बाराच्या आसपास येत होता.

"मला दिसायला हवा होता," वहिनी म्हणाली.

मग तिने पर्समधून आपला कागद काढला. तिने गज मोजला होता. एक इंच जाड, डोळ्यापासून एक मीटरवर. म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर तो गज साधारण बारा मीटर पाणी झाकतो. अधांतरी कलली तरी पहिल्या दोन सेकंदांत जेमतेम पाच मीटर बाजूला जाते. ते पाच मीटर गजाच्या जाडीतच राहतात. ज्या खुणेवर सासऱ्यांनी आयुष्य काढलं, ती खूण एवढ्या वेगाला पुरत नव्हती. हे तिने स्वतःच्या विरुद्ध जाणारं गणित स्वतःच मांडलं, आणि तिच्या आवाजात त्याचा थोडा अभिमानही होता. ते कळल्यावर नवरा म्हणाला होता, "गज घासून बारीक करून देऊ का?" तो चेष्टा करत नव्हता.

"पण मॅडम, अजून एक," वहिनी म्हणाली. "त्या बोयापुढे यांची वाट रोजच जरा डावीकडे वळते. नकाशात बघा."

बाईंनी नकाशा उलगडला. वाट वळत होती. तेवढीच, तिथेच.

कप्तान कागदाकडे बघत राहिला. "हो, वळते," तो म्हणाला.

वहिनीचा परवाना पंधरा दिवस थांबवला. चाक तिने फिरवलं होतं आणि ते तिने लिहून दिलं होतं. त्यात वाद नव्हता. त्या पंधरा दिवसांत दुसऱ्या लाँचच्या चालकाने तिची फेरी सांभाळली, आणि भावोजी सवयीने "वहिनी, सोडली!" असंच ओरडत राहिले.

वाट मात्र बंद झाली नाही. वहिनीच्या पाच ओळींची बातमी धक्क्यावर फिरली, आणि त्या आठवड्यात आणखी सहा वह्या भरून आल्या. सहा चालकांनी लिहिलं, की आम्हीही वळलो होतो. कोणी दुसऱ्या महिन्यात, कोणी अगदी पहिल्या दिवशी. तेव्हा अंतर जास्त होतं, म्हणून निभावलं. अधिकारी बाईंनी सगळ्या वह्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि अधांतरीच्या मालकांना बोलावून सांगितलं, की दहातल्या सात जणांना पाळता येत नाही तो नियम कागदावर कितीही बरोबर असला तरी पाण्यावर चालत नाही. आता अधांतरी खाडीच्या तोंडाबाहेरच्या बोयापर्यंत दिवा बंद करून, पाण्यावर बसून, मोटरबोटीच्या वेगाने जाते. तिथून पुढे उडते. त्यामुळे तिच्या प्रवासाला अकरा मिनिटं जास्त लागतात. खाडीत लाँच तिला पाठ देतात, आणि ती आखूड भोंगा देते. हे भावोजींनी कप्तानाला शिकवलं असं भावोजी सांगतात.

हे सगळं नीट झालं. वहिनी पुन्हा चाकावर आली. चिंधी तिने काढली नाही.

पण रात्री अंथरुणावर पडली की तिच्या डोक्यात कप्तानाच्या नोंदींचा कागद आणि तो नकाशा शेजारी शेजारी येतात. बाराचा तो कल तिच्यासाठी होता, तर तिने अडतीस माणसांना सुरक्षित जागेवरून उचलून पंखासमोर नेऊन ठेवलं. तो कल नुसता रोजच्या वळणाचा होता, लाँचला चुकवण्याइतका लांबणार नव्हता, आणि उन्हात कप्तानाला पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, तर तिच्या हातांनी तीस मीटर मिळवले, आणि त्या तीस मीटरमुळे ती माणसं घरी गेली. नोंदीवरून हे कळत नाही. गजावरून कळत नाही. ते एकाच माणसाला ठाऊक आहे.

परवा तो माणूस लाँचवर आला. सुट्टीचा दिवस होता, साधा शर्ट होता, हातात पिशवी. पलीकडे कोणाला तरी भेटायला निघाला होता. भावोजींनी त्याला तिकीट फाडून दिलं आणि केबिनकडे बोट दाखवलं. तो दारात येऊन उभा राहिला.

"बसा कप्तान," आपली खुर्ची त्याला देऊन उभ्यानेच चाक धरत वहिनी म्हणाली. "डोकं त्या पाठीला टेकवा. असं. तिसरा गज दिसतोय?"

"दिसतोय."

"आता मी काही लिहून घेत नाहीये. वही तिकडे खणात आहे."

त्याने पिशवी मांडीवर घेतली. इंजिन एकसारखं चाललं होतं. मध्यावर आल्यावर वहिनीने समोरची नजर न काढता, चाक सरळ ठेवून, विचारलं:

"मी वळायच्या आधी, मी तुम्हाला दिसले होते का?"